कोल्हापुरीचा राग आणि अबेओकुटाची नीळ

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता, आणि आपल्याकडे संतापाची लाट उसळली. राग रास्त होता. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. पुढे कंपनीनेही या चपलांमागे भारतीय कारागिरी असल्याचं मान्य केलं. नायजेरियातल्या लागोस शहरात राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांच्या ग्रुपवर कितीतरी दिवस हाच विषय चालला होता. ते वाचताना माझ्या डोक्यात मात्र अबेओकुटा होतं.

लागोसच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवरचं हे योरुबा लोकांचं शहर. युद्धांनी परागंदा झालेले एग्बा, म्हणजे योरुबांचीच एक शाखा, 1830 मध्ये ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आश्रयाला आले आणि तिथेच वस्ती झाली. नोबेलविजेते लेखक वोले शोयिंका आणि गायक-वादक फेला कुटी इथलेच. पण इटोकू बाजारात शिरलं की त्यांची आठवण मागे पडते, कारण डोळ्यांसमोर असते ती नीळ. दुकानांच्या दारांवर आणि बायकांच्या डोक्यावरच्या गाठोड्यांत, सगळीकडे आदिरे, म्हणजे नक्षी राखून रंगवलेलं कापड.

नक्षी राखायच्या रीती निरनिराळ्या. कुणी राफिया नावाच्या ताडाच्या धाग्याने कापड घट्ट बांधतं, कुणी दोऱ्याने शिवून आवळतं. मला सगळ्यात आवडते ती खळीची रीत. कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठाची खळ शिजवायची आणि कोंबडीच्या पिसाने कापडावर चित्रं काढायची. खळ जिथे बसते तिथे रंग चढत नाही. जुन्या पद्धतीत निळीची पानं कुटून गोळे करतात, वाळवतात आणि राखेच्या पाण्यात मोठ्या मडक्यांत आंबवतात. कापड बाहेर काढलं की आधी हिरवट दिसतं, मग वाऱ्याने बघता बघता निळं होतं. असं पुन:पुन्हा बुडवून गडद छटा येते. हे सारं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातात आहे, आणि विक्रीही त्याच करतात.

आता इथला जुना वाद ऐका. विसाव्या शतकात कॉस्टिक सोडा आणि कृत्रिम नीळ आली. काम झटपट होऊ लागलं, आणि कापड लवकर विटतं, गावाचं नाव खराब होतं, अशी ओरड सुरू झाली. 1930 च्या दशकात अबेओकुटाच्या राजाने, अलाकेने, या रसायनांवर बंदी घातली. रंगारी बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी बंदीला उघड विरोध केला, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं. आज इटोकूत बहुतेक कापड रासायनिक रंगातलंच असतं, खळीऐवजी मेणही सर्रास वापरतात. आणखी एक गोष्ट: आदिरेची भरभराट झाली तीच मुळी विलायतेहून आलेल्या गिरणीच्या पांढऱ्या कापडावर. ‘अस्सल’ शोधायला निघालेल्या माणसाची इथे पंचाईत होते, आणि ती व्हावी असं मला वाटतं. कारण पैठणी असो की कोल्हापुरी, आपल्या सगळ्या चर्चा अस्सल-नक्कल याच प्रश्नापाशी येऊन अडकतात.

नकलेचं संकट इथेही आहे. चीनमधून छापील आदिरे येतं, हाताने रंगवलेल्या कापडापेक्षा पुष्कळ स्वस्त. इटोकूतल्या बायका त्यावर चिडतात, सरकारकडे दाद मागतात. फरक एवढाच की इथे बोलणारी बाई स्वतः कापड रंगवते आणि ऐकणारा माणूस ते अंगावर घालतो. शुक्रवारी लागोसच्या बँकांत आणि कचेऱ्यांत पुरुष देशी पोशाखात येतात. लग्न, बारसं, अंत्यविधी, कोणताही प्रसंग असो, घरचे एक कापड ठरवतात आणि नातेवाईक, मित्र त्याच कापडाचे कपडे शिवून येतात. त्याला आशो-एबी म्हणतात. मानाच्या प्रसंगी हातमागाचं आशो-ओके लागतं, पुरुषांच्या टोपीलाही. इसेयिन गावचे विणकर या मागणीवर जगतात. या रीतीचा जाच मी पाहिलाय. 2023 मध्ये नायरा हे इथलं चलन कोसळलं, तेव्हापासून महिन्याला दोन-तीन समारंभांचं कापड घेणं पगारदार माणसाला जड जातं, आणि नाही म्हणणंही अवघड. ही रीत जशीच्या तशी आपण उचलावी असं मी म्हणणार नाही.

पण आपल्याकडचं चित्र पाहा. कोल्हापुरीसाठी कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतो तो ढोर समाज, चपला शिवतो तो चर्मकार समाज. प्राडाच्या वादात त्यांचा आवाज कितीसा ऐकू आला? चपलेचा अभिमान आपण मिरवला, ती करणाऱ्या हातांना गावाने कुठे बसवलं होतं हे मात्र बहुतेकांनी बोलायचं टाळलं. उलट अबेओकुटात 1940 च्या दशकाच्या शेवटी फेला कुटींच्या आई फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांच्या संघटनेतून बाजारातल्या बायका करांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि 1949 मध्ये अलाकेला काही काळ गादी सोडावी लागली. ज्या गावात कष्टकरी बायकांचा असा वचक होता, तिथल्या कारागिरीकडे कुणी नुसती शोभेची वस्तू म्हणून पाहू शकत नाही.

ग्रुपवर रागावलेल्या मित्रांना मी विचारलं, तुमच्यापैकी ऑफिसला कोल्हापुरी कोण घालतं? काहींना ते आवडलं नाही. प्रश्न मी तरीही सोडणार नाही. महाराष्ट्रातल्या कंपन्यांनी, शाळा-कॉलेजांनी, सरकारी कार्यालयांनी ही चप्पल नीटनेटक्या पोशाखाचा भाग मानावी. गणेशोत्सवात सगळ्यांसाठी कपडे घेणाऱ्या मंडळांनी, परदेशातल्या आमच्यासारख्यांनी तर आधी, कारागिरांच्या संस्थेकडे थेट मागणी नोंदवावी आणि भाव त्यांनाच सांगू द्यावा. पुढच्या वेळी असा वाद पेटला की वाहिन्यांनी पहिला माइक चपला शिवणाऱ्याच्या हातात द्यावा. लागोसच्या आमच्या मंडळापुढे या गणपतीसाठी मी हा प्रस्ताव ठेवलाय: मखराचा खर्च निम्मा करा, आणि उरलेल्या पैशात सगळ्यांसाठी कोल्हापूरहून जोड मागवा.