पाइपातली वायर तिरकी नेली तर बिघडते कुठे?

घराचे वायरिंग करून घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या मोठ्या विश्वासाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो आहे. भिंतीतली वायर पीव्हीसी पाइपातून जाणार असेल, तर तो पाइप बोर्डापासून पॉइंटपर्यंत तिरका, जवळच्या वाटेने न्यावा. काटकोनात फिरवणे ही नुसती जुनी सवय आहे, तिने वायर वाया जाते, विजेचा दाब घटतो आणि भिंत विनाकारण खोदली जाते, असे त्यात म्हटलेले असते. पुढे अशी पुस्ती जोडलेली असते की, पाइप आणि एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) असल्यावर चुकून ड्रिल लागले तरी धोका नाही, भोक पाडण्यापूर्वी भिंतीतली वायर शोधणारा डिटेक्टर फिरवला की वायर सापडतेच, आणि त्यातूनही शंका राहिली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा अर्धवट खरा आहे, आणि म्हणूनच हा सल्ला ऐकणाऱ्याला पटतो. उरलेला अर्धा भाग मांडण्यासाठी हा लेख आहे.

पहिला मुद्दा बचतीचा. समजा बोर्डापासून पॉइंट आडवा ३ मीटर आणि उभा १.५ मीटर अंतरावर आहे. काटकोनातली वाट ४.५ मीटर होते आणि तिरकी सुमारे ३.३५ मीटर, म्हणजे पाइप साधारण सव्वा मीटरहूनही कमी वाचतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत, जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी धरून, दर मीटरला दर अँपिअरमागे सुमारे १८ मिलिव्होल्ट दाब घटतो. म्हणजे १० अँपिअरचा भार चालू असताना वाचलेल्या लांबीमुळे दाबात पडणारा फरक ०.२ व्होल्टच्या आसपास येतो, आणि २३० व्होल्टच्या पुरवठ्यात तो एक हजारांशापेक्षाही कमी आहे. तिरक्या पाइपाला वळणे लागत नाहीत, म्हणून वायर ओढायला सोपी जाते, हेही पूर्ण खरे नाही. बोर्डाच्या पेटीची भोके तिच्या बाजूंना काटकोनात असतात; तिरका आलेला पाइप त्या भोकात सरळ शिरवायचा तर तो दोन्ही टोकांना वळवावाच लागतो. काटकोनी वाटेत एकच लांब बेंड पुरतो.

मग काटकोन कशासाठी? भिंतीला भोक पाडणाऱ्या माणसाने तो पाइप कधी पाहिलेला नसतो; बहुतेक वेळा तो घर बांधल्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी तिथे उभा असतो आणि त्याच्यासमोर गिलावा, रंग आणि एखादा स्विचबोर्ड एवढेच असते. वायर ओळंब्यात उभी किंवा लेव्हलमध्ये आडवी नेण्याची शिस्त पाळलेली असेल, तर तो बोर्डच त्याला सांगतो की माझ्या बरोबर वर, बरोबर खाली आणि दोन्ही बाजूंना आडव्या रेषेत हात लावू नका. तिरक्या वायरीच्या बाबतीत हाच बोर्ड काहीच सांगू शकत नाही, कारण तिथून कोणत्या कोनात कुठे जायचे याच्या शक्यता अगणित आहेत. ब्रिटनच्या बीएस ७६७१ या नियमावलीत हीच गोष्ट नियम म्हणून येते: भिंतीच्या पृष्ठभागापासून ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोल असलेली वायर, तिला अर्थिंग केलेल्या धातूचे किंवा तशाच दुसऱ्या ठरावीक प्रकारचे संरक्षण नसेल तर, एकतर दिसणाऱ्या बोर्डाच्या किंवा पॉइंटच्या सरळ उभ्या-आडव्या रेषेत असावी, नाहीतर छताच्या किंवा दोन भिंतींच्या कोपऱ्याच्या १५० मिलिमीटरच्या आत असावी. जर्मनीच्या डीआयएन १८०१५-३ मध्ये पट्टेच आखून दिले आहेत. छताखाली १५ ते ४५ सेंटीमीटर, फरशीच्या वर १५ ते ४५ सेंटीमीटर, आणि दार, खिडकी व कोपरा यांच्या कडेपासून १० ते ३० सेंटीमीटर. दोन देशांचे आकडे वेगळे आहेत, पण हिशेब एकच आहे. वायर कुठे असू शकते हे भिंतीकडे पाहूनच कळावे, त्यासाठी कागद शोधावा लागू नये.

भिंत कमजोर होण्याचा मुद्दा गंभीर आहे, पण तो या सल्ल्याच्याच विरुद्ध जातो. पाइपासाठी भिंतीत खोदलेल्या खाचेला झिरी म्हणतात, आणि उभी झिरी भिंतीला सर्वांत कमी दुखावते. ब्रिटिश बांधकाम मार्गदर्शनात उभ्या झिरीला भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांश आणि आडव्या झिरीला एक षष्ठांश खोलीची मर्यादा आहे. म्हणजे ११५ मिलिमीटरच्या विटेच्या भिंतीत उभी झिरी ३८ मिलिमीटर चालेल, पण आडवी १९ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. युरोकोड ६ ही विटा-दगडांच्या बांधकामाची युरोपीय नियमावली तर आडव्या आणि तिरक्या झिऱ्यांना एकाच गटात टाकते, त्या शक्यतो टाळाव्यात असे म्हणते, आणि टाळता येत नसतील तर त्या फरशीच्या किंवा छताच्या जवळ, भिंतीच्या उंचीच्या एक अष्टमांशाच्या आत ठेवायला सांगते. भिंतीच्या मधोमध विटांचे थर कापत जाणारी तिरकी झिरी यातल्या कोणत्याच सवलतीत बसत नाही. म्हणूनच जाणकार वायरमन आडवा प्रवास स्लॅबमध्ये किंवा छतालगत उरकतो आणि पॉइंटच्या डोक्यावरून सरळ खाली उतरतो.

पीव्हीसी पाइप वायरीचे रक्षण करतो, हे ओल्या गिलाव्यापासून, विटांच्या धारदार कडांपासून आणि वायर ओढताना होणाऱ्या घासण्यापासून खरे आहे. पाइपामुळे जुनी वायर काढून नवी ओढता येते, हा त्याचा खरा उपयोग आहे. त्याची जाडी मात्र दीड-दोन मिलिमीटर असते, आणि दगडात भोक पाडण्यासाठी बनवलेल्या ड्रिलच्या टोकाला तो जाणवतही नाही. सैल वायरी बोथट टोकापुढून कधीकधी बाजूला सरकतात, हे मान्य. पण एका पाइपात तीन-चार सर्किटांच्या वायरी कोंबलेल्या असतील तर त्यांना सरकायला जागाच नसते. चित्र किंवा फळी टांगण्याचा स्क्रू प्लगसकट भिंतीत ४० ते ५० मिलिमीटर जातो, आणि वर सांगितलेल्या झिऱ्यांमधला पाइप त्या खोलीच्या आतच असतो.

आता एमसीबीकडे येऊ, कारण सर्वांत घातक गैरसमज इथे आहे. एमसीबीला फक्त प्रवाहाचे प्रमाण समजते. ‘सी’ प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ड्रिलने फेज आणि न्यूट्रल किंवा फेज आणि अर्थ एकमेकांना जोडले तरच तो लगेच पडेल. स्क्रूने एकट्या फेजला स्पर्श केला आणि भिंत कोरडी असली, तर प्रवाहाला जायला वाटच नसते आणि एमसीबीच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. स्क्रूचे डोके मात्र त्या क्षणापासून २३० व्होल्टवर असते.

एका जुन्या घराच्या न्हाणीघरातला टॉवेलचा धातूचा दांडा बदलताना हे मी अगदी जवळून पाहिले. दांड्याला हात लागला की कधीकधी झिणझिण्या येतात, असे घरातली माणसे सांगत होती, आणि भिंत दमट असल्यामुळे तसे होत असावे असा त्यांचा समज होता. मेन बंद करून डावीकडचा स्क्रू काढला, तेव्हा त्याच्या टोकाला काजळीसारखा काळा डाग होता. प्लग उपसून आत बॅटरी मारली तर फुटलेला पाइप आणि त्यात सात तारांची लाल वायर दिसली. दोन तारा तुटलेल्या, उरलेल्या पाच गिझरचा पूर्ण भार वाहत होत्या. दांडा कितीतरी महिन्यांपूर्वी बसवलेला होता आणि त्या काळात एमसीबी एकदाही पडला नव्हता. गिझरचा बोर्ड दाराबाहेर होता आणि पाइप तिथून कोपऱ्याकोपऱ्याने न जाता भिंतीच्या मधूनच तिरका चढला होता. दांडा बसवणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. बोर्डाच्या वर-खाली, डावी-उजवीकडे दांडा कुठेच आला नव्हता.

त्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहात फरक पडला, म्हणजे गळती झाली, की पुरवठा तोडणारे उपकरण) असता, तर पहिल्याच झिणझिणीला तो पडण्याची शक्यता होती. भिंतीत उथळ पुरलेल्या वायरीसाठी हे उपकरण हवेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच्याही मर्यादा आहेत. गळती होईपर्यंत त्याला काही कळत नाही, आणि कोरड्या भिंतीत ती पहिली गळती स्पर्श करणाऱ्या माणसाच्या शरीरातूनच होते. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असल्याने आरसीसीबी गप्प राहतो. अर्धवट कापलेल्या तारांजवळ वायर तापू लागली, तर तेही त्याला दिसत नाही.

डिटेक्टर उपयोगी आहे, पण तो कसा चालतो हे माहीत असेल तरच. वायरीला न टेकता दाब ओळखणारा डिटेक्टर फक्त जिवंत फेज शोधतो. दिवा बंद असेल तर स्विचपासून दिव्यापर्यंतची वायर मृत असते आणि त्याला ती दिसत नाही. ‘सुरक्षिततेसाठी’ आधी मेन बंद करून मग डिटेक्टर फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना अर्थातच भिंत स्वच्छ सापडते. ओला गिलावा, भिंतीत बसवलेली धातूची जाळी किंवा फॉइल यांच्यामागची वायर लपते, आणि उलट स्थिर विद्युतभारामुळे कोरडी भिंत सगळीकडेच वाजू शकते. धातू शोधणारा डिटेक्टर सळई, नळ आणि तांबे यांत खात्रीने फरक करत नाही. म्हणून सगळे स्विच चालू करून, ठाऊक असलेल्या वायरीवर आधी उपकरण तपासून, मग भिंत पाहावी आणि त्यानंतर मेन बंद करून भोक पाडावे. डिटेक्टर वाजला नाही याचा अर्थ इतकाच की त्याला काही सापडले नाही.

फोटोंचा सल्ला योग्य आहे, फक्त लोक ते चुकीचे काढतात. दारात उभे राहून काढलेल्या कोनातल्या फोटोवरून अंतर मोजता येत नाही, आणि मोबाइलच्या रुंद कोनाच्या भिंगात कडेच्या सरळ रेषाही वाकतात. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर पाइपाशेजारी खडूने अंतर लिहावे, मोजपट्टी उभी आणि आडवी लावावी आणि भिंतीसमोर सरळ उभे राहून फोटो घ्यावा. अंतर कशापासून मोजले हे सर्वांत महत्त्वाचे. कच्च्या जमिनीपासून मोजलेली उंची फरशी बसली की काही सेंटीमीटरने खोटी ठरते. म्हणून पूर्ण झालेल्या फरशीपासून एक मीटरवर कारागीर जी लेव्हलची रेघ मारतात तिच्यापासून, आणि आडवे अंतर न हलणाऱ्या चौकटीच्या कडेपासून घ्यावे. मग प्रत्येक भिंतीचे साधे रेखाचित्र काढून त्याची एक प्रत वितरणपेटीच्या, म्हणजे एमसीबी असलेल्या मुख्य पेटीच्या, दाराच्या आत चिकटवावी. फोन बदलतात, घर विकले जाते. पेटी बहुधा तिथेच राहते.

पातळ भिंतीची दुसरी बाजू मात्र बहुतेक जण विसरतात. बीएस ७६७१ नुसार १०० मिलिमीटर किंवा त्याहून पातळ भिंतीत, पलीकडचा बोर्ड कुठे आहे हे अलीकडून ठरवता येत असेल, तर त्याचा पट्टा, म्हणजे जिथे वायर असू शकते आणि भोक पाडू नये ती जागा, अलीकडेही धरायचा असतो. रेखाचित्रात म्हणूनच प्रत्येक पातळ भिंतीच्या दोन्ही तोंडांची नोंद हवी.

ज्यांच्या घरात वायरी आधीच तिरक्या गेल्या आहेत, त्यांनी भिंत फोडण्याची घाई करू नये. आरसीसीबी बसवून घ्यावा, मार्ग शोधून तो रेखाचित्रात लाल रेघेने दाखवावा, आणि पुढे रंगकाम किंवा दुरुस्ती निघेल तेव्हा नवा सरळ पाइप टाकून तिरक्यातल्या वायरी ओढून काढाव्यात; रिकामा पाइप भिंतीत राहिला तरी बिघडत नाही. बोर्ड हलवतानाही हेच ध्यानात ठेवावे. जुन्या जागेतून वायर पुढे जातच असेल, तर ती पेटी गिलाव्याने बुजवू नये, तिच्यावर कोरी झाकणपट्टी बसवून ती दिसती ठेवावी.