मॅच अडकली की प्लॅन वाढवायचा?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरात एकच फॉरवर्ड तीनदा आलाय. तिन्ही वेळा वेगळ्या काकांकडून, तिन्ही वेळा खाली हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: ब्रॉडबँडवरचा टीव्ही ही फसवणूक आहे. १०० एमबीपीएस वेगाची लाईन टीव्हीला पुरत नाही, किमान ३०० ची घ्या. सगळी बिल्डिंग मॅच बघायला बसली की वायर तुंबते. शेजारच्या केबलवर विकेट आधी पडते, म्हणजे तुमचं नेट स्लो. डेटा पंधरा दिवसांत संपतो. आणि लाईट गेली की तुमचा टीव्ही बंद, केबल मात्र चालू.

केबलवाल्यानं लिहिलंय म्हणावं, तर तो ३०० चा प्लॅन कशाला घ्यायला लावेल? असो.

१०० पुरत नाही, इथूनच सुरुवात करू. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ ते २५. घरातल्या तीन टीव्हींवर एकदम फोर-के लावलं तरी ७५ च्या वर जात नाही. मग अडकतं का? बहुतेक घरांत दोष वाय-फायचा असतो. फायबर लावणाऱ्यानं दाराशी भोक पाडलं म्हणून राउटर चपलांच्या कपाटावर, आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर आजूबाजूच्या पंधरा घरांचे राउटर एकमेकांवर खेकसत असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंत आली की त्याचा दम जातो. पेठेतल्या जुन्या वाड्याची दीड-दोन फुटी भिंत असेल तर बोलायलाच नको.

मी स्वतः दोन महिने कस्टमर केअरशी भांडलो. त्यांनीही प्लॅन वाढवायचाच सल्ला दिला. शेवटी राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची, म्हणजे नेटची, वायर ओढली आणि त्याच १०० च्या लाईनवर अडकणं थांबलं. स्कर्टिंगवरून गेलेली ती पांढरी वायर घरात कुणालाच आवडत नाही, पण चित्र सगळे बघतात. आणखी एक गंमत: बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. ३०० चा प्लॅन घेऊन वायर जोडली तरी टीव्ही १०० च्या वर घेणारच नाही.

आता बिल्डिंगची वायर तुंबण्याबद्दल. इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. बीएसएनएलनं २०२४ मध्ये आणि एअरटेलनं २०२५ मध्ये आणला तसला आयपीटीव्ही म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमधून येणारे चॅनेल. अशा चॅनेलसाठी मल्टिकास्ट वापरता येतं: प्रवाह एकदाच निघतो, फाटा येतो तिथेच त्याच्या प्रती होतात. तोच चॅनेल चाळीस घरांत लागला तरी मुख्य लाईनवर एकच प्रत. ॲपवर आपण मागवलेला सिनेमा मात्र प्रत्येक घराला वेगळा जातो, कारण तुम्ही मध्येच थांबवणार, शेजारी मागे नेणार. ॲपवरची मॅचही साधारण अशीच, घरटी वेगळी. तरीही १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक बघत होते. ते जमलं, कारण असे प्रवाह दूरच्या एकाच सर्व्हरवरून येत नाहीत. त्यांचे तुकडे ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर साठवून प्रेक्षकाच्या जवळून दिले जातात.

बिल्डिंगचा हिशोबही करून टाकू. घरोघरी येणाऱ्या नेहमीच्या फायबरवर (त्याला जीपॉन म्हणतात) एका फाट्यामागे सुमारे २,५०० एमबीपीएस असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ च्या ६४ घरांनी १५ एमबीपीएसवर फोर-के लावलं तरी ९६० होतात. तेव्हा ती फायबरची काच तुंबत नाही. पण फॉरवर्डचा हा एक मुद्दा मी पूर्ण खोडणार नाही. एखादा छोटा ऑपरेटर वरून कमी बँडविड्थ, म्हणजे नेटची क्षमता, विकत घेतो आणि भरमसाठ घरांना वाटतो. तिथे रात्री नऊला सगळ्यांचंच रडगाणं असतं. वायर जोडून, सकाळी सहाला आणि रात्री नऊला स्पीड मोजा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर ऑपरेटर बदला. त्याच्याकडूनच ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे कोरड्या नळाला मोठी तोटी बसवणं.

विकेट उशिरा पडते, हे खरं. पण त्याचा वेगाशी संबंध नाही. ॲप काही सेकंदांचे तुकडे करून व्हिडिओ आणतं आणि चित्र अडकू नये म्हणून थोडे तुकडे हाताशी ठेवून मगच दाखवतं. एन्कोडिंगचा, म्हणजे व्हिडिओ पाठवण्याजोगा आटोपशीर करण्याचा, वेळ धरून वीस-तीस सेकंद सहज मागे पडतात. हजार एमबीपीएस घेतले तरी शेजारचे आधीच ओरडणार. मॅच चालू असताना ग्रुप म्यूट करा.

डेटाचं तर फारच सोपं. सध्याच्या अनेक घरगुती प्लॅनवर महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. ५ एमबीपीएसनं तासाला सव्वादोन जीबी जातात. महिनाभर, रात्रंदिवस एचडी टीव्ही चालू ठेवला तरी १,६२० जीबी.

राहता राहिली लाईट. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज गेली की केबलवाल्याचा टीव्हीही बंदच असतो, कारण टीव्ही विजेवर चालतो. हे लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. बरं, घरात इन्व्हर्टर आहे असं धरा. केबलचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर जिन्यात कुणाच्या तरी मीटरवर लटकलेला असतो. तो बसला की तुमचा इन्व्हर्टर काय करणार? जीपॉनच्या फाट्याला मात्र वीज लागतच नाही. घरातला फायबरचा डबा आणि राउटर छोट्या यूपीएसवर दोन-तीन तास निघतात. गेल्या गुरुवारी दुपारी तळमजल्यावरचे काका, म्हणजे हा फॉरवर्ड टाकणाऱ्या तिघांपैकी दुसरे, आमच्याकडे येऊन पाऊण तास मॅच बघून गेले.