अ‍ॅपला ओळखता आला नाही, म्हणून किडा नवा ठरत नाही

नागपुरातल्या निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. दोन फोटो आहेत. एकात ओल्या दगडावर बसलेला तपकिरी किडा, पंख घराच्या छपरासारखे मिटलेले, मिशा अंगाच्या दुपटीहून लांब. दुसऱ्यात त्याच दगडाला चिकटलेलं, वाळूच्या कणांचं, शंखासारखं वळलेलं इवलंसं घर. खाली मजकूर असा : सातपुड्यातल्या एका नाल्यात हा कॅडिसफ्लाय सापडला, अ‍ॅपला ओळखता आला नाही, म्हणजे जात विज्ञानाला नवीन, घर बघितलं की जात कळतेच, किडा मारायची गरज नाही, फोटो आणि डीएनए पुरेत, नाव ‘विदर्भेन्सिस’ ठेवलं आहे, शेअर करा म्हणजे ते विदर्भाचंच राहील, आणि हा किडा असलेलं पाणी थेट प्यायला चालतं.

वाघाचे फोटो सोडून कुणीतरी नाल्यातल्या किड्याकडे बघतंय याचा मला आनंदच आहे. पण मजकुरातलं जवळपास एकही वाक्य टिकत नाही.

आधी ते दोन फोटोच बघा. कॅडिसफ्लाय हा पतंगासारखा दिसणारा कीटक. त्याची अळी पाण्यात वाढते, तोंडातून रेशीम काढते आणि बऱ्याच कुळांत त्या रेशमानं वाळू, काड्या, पानांचे तुकडे चिकटवून अंगाभोवती नळी बांधते. शंखासारखं वळलेलं वाळूचं घर हे हेलिकोसायकी या प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जीनस, एकेका प्रजातीत अनेक जाती असतात) अळीचं काम. इतकं हुबेहूब, की १८३४ साली अमेरिकेत आयझॅक ली या शंखतज्ज्ञानं तसल्या घराचं वर्णन चक्क गोड्या पाण्यातली नवी गोगलगाय म्हणून केलं होतं! आता पहिल्या फोटोतला प्रौढ किडा. इतक्या लांब मिशा लेप्टोसेरिडी कुळात असतात आणि त्या कुळातल्या अळ्यांची घरं सरळ किंवा किंचित वाकलेल्या नळीसारखी असतात. हेलिकोसायकीच्या प्रौढाच्या मिशा एवढ्या लांब नसतात. म्हणजे मिशा एका कुळाच्या आणि घर दुसऱ्या कुळाचं. एकाच दगडावर सापडले, एवढंच दोघांचं नातं. ‘विदर्भेन्सिस’ नेमकं कुणाला म्हणायचं, हे संदेश लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

घरावरून जात कळते, हेही त्यातच निकालात निघतं. घरावरून कूळ कळतं, कधी प्रजाती कळते. जातीपर्यंत क्वचितच पोचता येतं. अळीला नेहमीचं साहित्य मिळालं नाही तर ती हाताशी असेल त्यावर भागवते. शिवाय सगळ्याच अळ्या घर घेऊन फिरत नाहीत. हायड्रोसायकिडी कुळातल्या अळ्या दगडांच्या फटीत जाळं विणून वाहत येणारं अन्न पकडतात, रायकोफिला प्रजातीची अळी मोकळी हिंडते, तर कायमारा प्रजातीची रेशमाच्या पिशवीवजा जाळ्यात राहते.

मग जात ठरते कशावरून? मुख्यतः प्रौढ नराच्या पोटाच्या टोकावरून. बाहेरून सारखे दिसणारे दोन नर तिथं सपशेल वेगळे निघतात. किडा अल्कोहोलमध्ये ठेवतात, पोट वेगळं करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मुरवतात. स्नायू विरघळतात, कवच उरतं. ते ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बाजूनं, वरून आणि खालून चित्रं काढतात : नववा खंड, खालची उपांगं, शिश्न. आणि मग खरं कष्टाचं काम, म्हणजे त्या प्रजातीच्या आधी वर्णन झालेल्या जातींशी तुलना. उष्ण प्रदेशातल्या डोंगरी ओढ्यांवर हमखास भेटणाऱ्या एकट्या कायमारा प्रजातीत ९०० हून जास्त जाती आहेत आणि नुसत्या डोळ्यांना त्यातल्या बहुतेक म्हणजे काळपट बारके किडे. माद्यांची ओळख तर पुष्कळदा प्रजातीशीच थांबते. फोटोत हे काही दिसत नाही, कितीही महागडी लेन्स लावा.

किडा मारू नये या भावनेची मी थट्टा करणार नाही. पण नाल्याकाठी अंधार पडल्यावर अतिनील दिव्याखाली साबणपाण्याचं पांढरं ताट ठेवलं की एका रात्रीत शेकड्यांनी कॅडिसफ्लाय येऊ शकतात. त्यातले मोजके नर जपून ठेवल्यानं नाला ओस पडत नाही. तो ओस पडतो वाळूउपशानं आणि सांडपाण्यानं.

अ‍ॅपबद्दल. अ‍ॅपला तेच ओळखता येतं, ज्याचे नाव लागलेले फोटो त्याला दाखवलेले असतात. जगात कॅडिसफ्लायच्या १६,००० हून जास्त जातींचं वर्णन झालंय, भारतातल्याच हजाराच्या वर. आपल्याकडच्या कितीतरी जाती मोझली, फर्नांड श्मिड अशा कीटकतज्ज्ञांनी विसाव्या शतकात वर्णिल्या. त्या आहेत रेखाचित्रांत आणि संग्रहालयातल्या बाटल्यांत. जिवंत किड्याचा फोटो नाहीच. सीताबर्डीच्या एका दुकानात पुस्तक मिळालं नाही म्हणून ते छापलंच गेलं नाही, असं कुणी म्हणेल का?

डीएनएचंही तसंच. जात ओळखायला वापरतात तो बारकोड म्हणजे सीओआय नावाच्या जनुकातला साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा. तो जुळवायला आधी नीट ओळखलेल्या किड्यांचे बारकोड साठ्यात हवेत. जुन्या जातीचा बारकोडच झालेला नसेल, तर ‘जुळलं नाही’ याचा अर्थ अ‍ॅपच्या ‘जुळलं नाही’पेक्षा फार वेगळा नसतो. मात्र एका कामात डीएनए फार उपयोगी पडतो : ही अळी त्या प्रौढाचीच, हे दाखवायला. पूर्वी त्यासाठी पूर्ण वाढलेल्या नर कोषाची वाट बघावी लागे. त्यात आत तयार झालेला नर दिसतो आणि अळीच्या टाकलेल्या कातडीचे कडक तुकडे त्याच घरात सापडतात. संदेशातल्या दोन फोटोंना नेमकी याच पुराव्याची गरज होती.

पाण्याचं थोडक्यात. कॅडिसफ्लायवरून पाण्यातला प्राणवायू आणि सेंद्रिय प्रदूषण यांचा अंदाज येतो, तोही कूळ बघून : ब्रिटिश गुणपद्धतीत लेप्टोसेरिडीला १० गुण, हायड्रोसायकिडीला ५ (गुण जास्त, तितकं प्रदूषण कमी सोसणारं कूळ). वरच्या अंगाला गुरं बसली असतील तर त्यातून येणारे जंतू हा किडा सांगत नाही. नीरीच्या, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, शहरातल्या ग्रुपांवर हे बिनदिक्कत फिरावं, कमाल आहे बाप्पा.

राहिलं नाव. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार, नव्या जातीच्या नावासोबत तिचं वेगळेपण सांगणारं वर्णन प्रसिद्ध व्हावं लागतं, १९९९ नंतरच्या नावांसाठी त्या नावाचा आधार ठरणारा मूळ नमुना (बहुधा एकच, म्हणजे होलोटाइप) स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात राहील ते लिहावं लागतं. प्रकाशन फक्त इंटरनेटवर असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदही हवी. व्हॉट्सअ‍ॅप यात कुठंच बसत नाही. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३९ सांगतं, की नवी जात सापडली तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवा आणि नमुना तिथं जमा करा; भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली एक. आणि नाला मेळघाट किंवा पेंचच्या हद्दीत असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथून किडा उचलू नका.

‘सातपुड्यातला एक नाला’ हे ठिकाण झालं नाही. अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, काहीच दिलेलं नाही. ज्यांनी फोटो काढले त्यांच्या मोबाइलमधल्या मूळ फाइलीत तारीख आणि, लोकेशन सुरू असेल तर, जागाही असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पुढं ढकललेल्या प्रतीत ती उरत नाही. ती फाइल तेवढी जपा आणि जागा वनखात्याच्या राखीव हद्दीत निघाली तर परवानगीसाठी अर्ज करा.