अंगण वाकडंच आहे

ट्रम्पेट नीट वाजलं नाही तर दोष कुणाला द्यायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गिटारवाल्याकडे सहा तारा असतात, त्यातली एखादी उतरलेली असतेच. पियानोवाला तर दुसऱ्याच कुणीतरी लावून ठेवलेल्या वाद्यासमोर येऊन बसतो, त्याला काळजीच नाही. ट्रम्पेटवाल्याकडे काय? जवळपास दीड मीटर लांबीची, वळवून आणलेली पितळी नळी, तीन व्हॉल्व्ह आणि स्वतःचे ओठ. नळी आपणहून काही बोलत नाही. मागून हवा येते, ओठ थरथरतात, आणि जे काय बरंवाईट व्हायचं ते तिथेच होतं. नळी फक्त ते चारचौघांत मोठ्याने सांगते. उरतो तो ओठ आणि नळी यांच्यामध्ये बसणारा माउथपीस. दोष ठेवायला एवढी एकच सोयीची जागा.

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण मला आमच्या घरात येता-जाता ऐकवली जाते. ज्याने ती रचली त्याने ट्रम्पेट कधी हातात धरलं नसणार. इथे अंगण खरोखरच वाकडं आहे आणि ते कारखान्यातून तसंच येतं. मधला व्हॉल्व्ह दाबला की आवाज अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका, तिसऱ्याने दीड. प्रत्येक व्हॉल्व्ह नळीला थोडी लांबी जोडून देतो, पण ती मापलेली असते मोकळ्या नळीच्या हिशेबाने. दोन-तीन व्हॉल्व्ह एकदम दाबले की नळी आधीच लांबलेली असते, तिला जादा लांबी हवी असते आणि मिळते मात्र ठरलेली तेवढीच. म्हणून पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की स्वर चढा लागतो. तिन्ही दाबले तर विचारूच नका. यावर उपाय म्हणून तिसऱ्या व्हॉल्व्हच्या सरकत्या नळीला बोट अडकवायची एक कडी असते. वाजवता वाजवता ती नळी बाहेर ढकलायची आणि कारखान्याचं उरलेलं काम आपण पुरं करायचं. माझ्या मते ही लेखी कबुलीच आहे, फक्त कागदाऐवजी पितळेवर दिलेली.

हे सगळं मी बायकोला नीट समजावून सांगितलं.

“पण आत्ता तू काहीच दाबलं नव्हतंस,” ती म्हणाली.

निरीक्षण बरोबर होतं. एकही व्हॉल्व्ह न दाबता, केवळ ओठांच्या ताणावर, त्याच नळीतून बरेच वेगवेगळे स्वर निघतात, आणि आपल्याला हवा असतो त्याचा शेजारी बाहेर येतो. वर जावं तसे हे शेजारी एकमेकांना आणखीच खेटून राहतात. यावर सर म्हणतात, लांब स्वर धरायचा रियाज वाढव. मी म्हणतो, माउथपीस बदलून पाहायला काय हरकत आहे?

माउथपीसच्या दुनियेत शिरताना अंकगणित दाराबाहेर ठेवावं लागतं. व्हिन्सेंट बाख हा वादक शिक्षणाने इंजिनिअर. १९१८ मध्ये न्यूयॉर्कला त्याने माउथपीस बनवायला घेतले. त्याच्या पद्धतीत आकडा लहान तितका कप, म्हणजे ओठ टेकतात ती वाटी, रुंद. अक्षर खोलीसाठी, त्यात ‘ए’ सगळ्यात खोल. नवशिक्याच्या हाती बहुधा ७सी पडतो, मग तो प्रगती करत ५सीवर आणि तिथून ३सीवर उतरतो. यामाहाची पद्धत बरोबर उलटी, तिथे आकडा मोठा तसा कप रुंद. बाखच्या कोष्टकात ७सीचा आतला व्यास १६.२० मिलिमीटर, ५सीचा १६.२५ आणि ३सीचा १६.३०. म्हणजे एका पायरीचा फरक मिलिमीटरचा विसावा भाग. हसू नका, ओठांना तो कळतो. माझ्या ओठांना वरचा ‘सी’ हा स्वर दोन श्वासांइतकाही धरता येत नाही, पण मिलिमीटरचा विसावा भाग ते डोळे मिटून ओळखतात. इतके गुणी ओठ वाया चाललेत, याचं दुःख माझ्याशिवाय कुणालाही नाही.

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण मात्र ट्रम्पेटवाल्यानेच रचलेली असणार. नवा माउथपीस लावला की पहिल्या संध्याकाळी स्वर असे सुटतात की इतकी वर्षं आपण कशाशी झगडत होतो तेच कळेनासं होतं. कड ओठांवर किंचित वेगळ्या जागी टेकते, दमलेल्या जागेला सुट्टी मिळते, एवढंच त्यातलं रहस्य. मग तीही जागा दमते. उथळ कप आवाजाला धार देतो, वरच्या स्वरांना थोडा हातभार लावतो, पण ओठ जरा पुढे आले की तळाला टेकतात आणि आवाजच बंद. खोल कप गोलाई देतो आणि त्याच्या बदल्यात दम वसूल करतो. फुकट काहीच मिळत नाही. तरीसुद्धा कुठेतरी असा एक माउथपीस बनलेला आहे, जो फुकट देईल, यावर माझी श्रद्धा आहे, आणि ड्रॉवर बंद होईनासा झाला तरी ती ढळलेली नाही.

थोरांनी वापरलेले माउथपीस हा वेगळा कप्पा. अॅडॉल्फ हर्सेथ १९४८ ते २००१ शिकागो सिम्फनीत मुख्य ट्रम्पेटवादकाच्या खुर्चीवर होता. तो भल्यामोठ्या कपचा माउथपीस वाजवायचा, म्हणून जगभर कितीतरी जणांनी मोठे कप घेतले. आता, हर्सेथच्या ओठांना मोटार अपघातात इजा झाली होती आणि मोठा कप त्यानंतर आला, हे फार थोडे लक्षात घेतात. मी लक्षात घेतलं आणि तरीही घेतला. वाण नाही तर निदान गुण तरी लागेल. माझ्या ओठांना कधीही अपघात झालेला नाही. ऐकणाऱ्याला तसं वाटत नाही, असं बायकोचं म्हणणं.

आणि समजा, मी अंगणाला नावं ठेवतो. ट्रम्पेटचा इतिहास घडवलाय कुणी? अंगणाला नावं ठेवणाऱ्यांनीच. व्हिएन्नाच्या अँटोन वाइडिंगरला जुन्या ट्रम्पेटचे मोजके स्वर पुरेनात. त्याने किल्ल्या बसवलेल्या ट्रम्पेटचा ध्यास घेतला, आणि संगीतकार हायडनने १७९६ मध्ये त्याच्यासाठी जो कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबतची रचना, लिहिला तो आजही प्रत्येक विद्यार्थ्याचा घाम काढतो. वाइडिंगरच्या घरच्यांनी त्याला “आधी आहेत ते स्वर नीट वाजव” असं बजावलं असतं, तर केवढं नुकसान झालं असतं! पुढे ब्लूमेल आणि श्ट्योल्झेल यांनी १८१८ मध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे कडीची गरज पडण्याइतका वाकडेपणा आला. जाझवादक डिझी गिलेस्पीची गोष्ट तर म्हणीला उलटीच टांगते. १९५३ च्या जानेवारीत एका पार्टीत त्याच्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं आणि कर्णा, म्हणजे पुढचं पसरट तोंड, वर वाकला. हा प्रताप नाच आणि विनोद करणाऱ्या एका जोडीचा. म्हणजे ज्यांना नाचता येत होतं त्यांनीच अंगण वाकडं केलं! डिझीने ते वाजवून पाहिलं, आवाज आवडला, आणि पुढे मुद्दाम तशीच वाकडी ट्रम्पेट करवून घेतली.

मला नवं ट्रम्पेट घ्यायचं ठरलं तेव्हा बायको आणि मुलगी दोघी सोबत आल्या, आणि त्याला शास्त्रीय कारण होतं. वाजवणारा असतो कर्ण्याच्या मागे, आवाज जातो पुढे. आपलं ट्रम्पेट लोकांना कसं ऐकू येतं हे आपल्याला कधीच कळत नाही, त्यामुळे निवडताना समोर प्रामाणिक कान लागतात. आमच्या घरातल्या कानांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. माझ्यापुढे दोन वाद्यं होती. एकाचा कर्णा पिवळ्या पितळेचा, म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. दुसऱ्याचा जास्त तांब्याचा, लालसर, आवाजाला ऊब देतो असा त्याचा लौकिक. दोघींना मी भिंतीकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे रंग पाहून मत बनायला नको.

एक वाजवलं. मग दुसरं. त्याच सुरावटी, तोच जोर.

“पहिलं कसं वाटलं?”

“मोठं.”

“आणि दुसरं?”

“तेही मोठंच. पण दुसऱ्यात तू कमी वेळ वाजवलंस, म्हणून दुसरं,” बायको म्हणाली.

“बाबा, मला तिसरं आवडलं,” मुलगी म्हणाली. “त्यातल्या त्यात शांत होतं.”

“हो, तिसरं खरंच बरं होतं,” बायको म्हणाली.

तिसरं कुठलं नव्हतंच. मी खालची चावी दाबून, नुसती हवा फुंकून नळीत साठलेलं पाणी काढत होतो.

या प्रसंगानंतर माझं एक मत बनलं. माणूस वाद्य आणि माउथपीस घेतो ते ओठांसाठी नव्हे, कानांसाठी. मला आवडतो ट्रम्पेटवादक मेनार्ड फर्ग्युसनचा आवाज, जो इतका वर जातो की कुत्री मान वळवतात. म्हणून माझा ड्रॉवर उथळ कपांनी भरलेला. बायकोला चेट बेकर आवडतो, मधल्या पट्टीतला, हळू, कानाशी बोलल्यासारखा. माइल्स डेव्हिसने दांडी काढलेला हार्मन म्यूट, म्हणजे आवाज दाबायला कर्ण्यात बसवायचं बूच, लावून वाजवलेलं तर तिला फारच आवडतं, आणि मला संशय आहे की त्यात आवडीचा भाग म्यूट हाच आहे. तिच्या आवडीचं वाजवायला साधा ७सी पुरला असता. पण मग दोष कशाला देणार?

मध्यंतरी तिची इच्छा दैवाने अर्धीमुर्धी पुरी केली. एक मधल्या मापाचा माउथपीस ट्रम्पेटमध्ये अडकून बसला. असा माउथपीस पक्कड लावून पिळायचा नसतो, पुढची पातळ नळी मुरगळते. त्यासाठी दोन्ही बाजूंनी सारखी ओढणारं खास हत्यार असतं, आणि ते ज्याच्याकडे होतं तो दुरुस्तीवाला गावाला गेलेला. आम्ही तिघांनी आलटून पालटून ओढून पाहिलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बायको. तिने आपण होऊन ट्रम्पेटला हात लावल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि जोरही मनापासून लावला.

“असू दे तसाच,” सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला थोडा आनंदही दिसला. “बदलता येत नाही ना? मग वाजव.”

वाजवण्याशिवाय इलाजच नव्हता. लांब स्वर धरले, मग आणखी लांब धरले. आणि एके दिवशी वरचा ‘सी’ आला, थांबला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. सर माझ्याकडे असं पाहत होते की आता मी काहीतरी कबूल करणार.

“सर, सापडला!” मी म्हणालो. “इतकी वर्षं शोधत होतो तो हाच माउथपीस.”

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. दुरुस्तीवाला परत आला, माउथपीस सुटला. अशी चीज एकच असणं धोक्याचं, म्हणून मी त्याच मापाचा, त्याच नंबराचा दुसरा मागवून ठेवला. तो परवा आला. दोन्ही लावून पाहिले. नव्याची कड जराशी बोचते आणि ‘सी’ही किंचित खाली लागतो. सरांना दोन्ही वाजवायला दिले, तर म्हणाले, काडीचाही फरक नाही. सरांचं आता वय झालंय. मी तिसरा मागवलाय.