‘शुअर’ आणि ‘शूर’ यांचं काहीही नातं नाही

‘इंग्रजांकडे खात्री व्यक्त करायला स्वतःचा एकही शब्द नव्हता, कंपनीच्या काळात त्यांनी ते सगळे संस्कृतातून उचलले’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतो आहे. त्यातले दावे असे: शुअर म्हणजे शूर, सर्टन म्हणजे सारतत्त्व, ट्रुथ म्हणजे सत्याचा अपभ्रंश, सिन्सिअर म्हणजे मेण न लावलेली मूर्ती, आणि डाउटमधला न उच्चारला जाणारा ‘बी’ म्हणजे बुद्धी. शेवटी साक्षीला अठराव्या शतकातले ब्रिटिश संस्कृत अभ्यासक सर विल्यम जोन्स. एरवी असला मजकूर मी वाचतही नाही. पण माझ्या भाच्याने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवला आहे, आणि आम्हाला संस्कृत शिकवणाऱ्या आत्याने त्याची पाठ थोपटली आहे. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी तो कंपनीचा काळ. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. चॉसर हा इंग्रजी कवी वारला १४०० साली, आणि ‘सर्टन’ हा शब्द त्याच्या लेखनात जागोजागी आहे. ‘शुअर’सुद्धा चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत लिहिलेला सापडतो. कंपनी जन्माला येण्याच्या दोनशे वर्षं आधी जे शब्द वापरात होते, ते कंपनीने कुठून उचलले? हे तपासायला पंडित असावं लागत नाही. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश उघडावा. १८८४ साली त्याचा पहिला भाग निघाला, १९२८ साली पहिली आवृत्ती पूर्ण झाली, आणि त्याची सगळी पद्धतच अशी की प्रत्येक शब्दाखाली तो कोणत्या साली, कोणत्या मजकुरात, कोणत्या अर्थाने आला याची अवतरणं क्रमाने द्यायची. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एका शब्दापुरता जरी तो पाहिला असता, तरी मथळ्यातच अडखळला असता.

आता ‘शुअर’. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण भाच्याच्या भाषणाची सुरुवातच ‘जो शूर, तोच शुअर’ या वाक्याने होते आणि टाळ्या तिथेच पडणार आहेत.

हा शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘सेकूरुस’वरून. त्यात ‘से’ म्हणजे विना आणि ‘कूरा’ म्हणजे काळजी. काळजी नसलेला, निर्धास्त. ‘सिक्युअर’ हा त्याच लॅटिन शब्दाचा, पण नंतर थेट लॅटिनवरून घेतलेला दुसरा अवतार. शौर्याचा इथे कुठेही संबंध नाही. उलट जुना अर्थ धोका नसलेल्या माणसाचा आहे.

पण ‘उच्चार तर तोच आहे ना?’ हा आत्याचा प्रश्न. तो उच्चार आजचा आहे, आत्या. चॉसरच्या काळात या शब्दात ‘श’ नव्हताच, ‘स’ होता. पुढे ‘स’ आणि ‘य’ एकत्र येऊन ‘स्यूर’सारखा उच्चार झाला आणि त्या जोडीचा हळूहळू ‘श’ झाला. म्हणजे ज्या ‘श’वर हा अख्खा दावा उभा आहे, तो ‘श’ इंग्रजीने आपल्या घरात, स्वतःच्या सवयीने, काही शतकांनंतर तयार केला. ‘शुगर’चंही हेच. तो शब्द मात्र खरोखर संस्कृत ‘शर्करा’तून आला आहे! फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मग युरोपातल्या भाषा, असा त्याचा रस्ता टप्प्याटप्प्याने दाखवता येतो. पण त्या वाटेवर आपला ‘श’ अरबीतच ‘स’ झाला होता. इंग्रजीतला आजचा ‘श’ तिथेही नंतरचा आहे. खरी उसनवारी अशी असते: तिच्या मागे व्यापार असतो, मधल्या भाषा असतात, प्रत्येक मुक्कामावर पुरावा असतो.

मग ‘शूर’चे युरोपात कुणी नातेवाईक आहेत का? आहेत, पण ऐकून सापडणारे नाहीत. संस्कृतातला तालव्य ‘श’ लॅटिन-ग्रीकमध्ये ‘क’ म्हणून भेटतो आणि अस्सल इंग्रजी शब्दांत ‘ह’ म्हणून. शत, लॅटिन ‘केंटुम’, इंग्रजी ‘हंड्रेड’. श्वन्, लॅटिन ‘कानिस’, इंग्रजी ‘हाउंड’. या नियमाने ‘शूर’चा भाऊबंद म्हणून भाषाशास्त्रज्ञ ग्रीक ‘कूरिओस’कडे बोट दाखवतात. अर्थ स्वामी, प्रभू. त्यावरून ‘कूरिआकोन’, म्हणजे प्रभूचं, आणि त्यातून इंग्रजीत आलेला शब्द ‘चर्च’. शूर आणि चर्च कानाला मुळीच सारखे लागत नाहीत, तरी ते एका कुळातले. शूर आणि शुअर कानाला जुळे वाटतात, तरी परके. नुसत्या कानावर विसंबून व्युत्पत्ती लावू नये ती यासाठीच. आत्या, हे तू आम्हाला शिकवायला हवं होतंस.

‘सर्टन’ सारतत्त्वातून आलेला नाही. लॅटिन ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणं, वेगळं काढणं, ठरवणं. त्यापासून ‘केर्तुस’, म्हणजे ठरलेलं, निश्चित. पारखून पाहणारा ‘डिसर्न’ त्याच घरातला, आणि ‘क्रिटिक’ व ‘क्रायसिस’ ग्रीक बाजूने आलेले चुलत. अर्थाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे: ‘अ सर्टन पर्सन’ म्हटलं की तोच शब्द ‘कुणीएक’ असा मोघम होतो.

‘ट्रुथ’चा सत्याशी संबंध नाही. तो ‘ट्रू’वरून झाला, आणि ‘ट्रू’चा जुना अर्थ निष्ठावान, भरवशाचा. पण इथे एक गोष्ट मला मान्य करावी लागते. इंग्रजीत सत्यासाठी याहून जुना शब्द होता ‘सूथ’, आणि तो खरोखर आपल्या ‘सत्’चा सगोत्र आहे. दोन्ही ‘असणे’ या धातूच्या कुळातले. तो आता जवळजवळ गेला. भविष्य सांगणाऱ्या ‘सूथसेअर’मध्ये उरला आहे, आणि ‘सूद’ या क्रियापदातही. त्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘खरं ठरवणं’ होता, ‘शांत करणं’ नंतर आला. फॉरवर्डवाल्याने नेमका हाच शब्द सोडला. आणि सगोत्र म्हणजे वंशज नव्हे. भावाला मुलगा म्हणता येत नाही.

‘सिन्सिअर’ आणि मेणाची गोष्ट अनेक भाषणांत ऐकू येते. लॅटिन ‘सिंकेरुस’चा अर्थ शुद्ध, निर्भेळ. भेगा मेणाने बुजवणारे शिल्पकार ही मागून रचलेली कथा आहे आणि ऑक्सफर्डचा कोश ती व्युत्पत्ती स्वीकारत नाही.

जोन्सची साक्ष तर उलटवलेली आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत त्याने संस्कृतची मनापासून स्तुती केली, ती ग्रीकपेक्षा परिपूर्ण आणि लॅटिनपेक्षा समृद्ध आहे असंही म्हटलं. पण त्याचा निष्कर्ष असा की या तिन्ही भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नाही. संस्कृत ही बाकीच्यांची आई, असं तो म्हणाला नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी असं वाक्य घालून ते मुलांना पाठ करायला देणं मला अक्षम्य वाटतं.

राहिला ‘डाउट’. लॅटिन ‘दुबिउस’मध्ये ‘दोन’ आहे, म्हणजे मन दोन ठिकाणी, आणि ते ‘दोन’ आपल्या ‘द्वि’चं भावंड आहे. एवढं खरं. बुद्धी मात्र त्यात नाही. फ्रेंचमधून हा शब्द ‘बी’शिवायच आला होता. शब्द लॅटिनसारखा दिसावा म्हणून तो ‘बी’ नंतर लेखनात घातला गेला. उच्चारात तो कधीच शिरला नाही.