‘तुमच्या घरी असं झालं असतं तर?’ या प्रश्नाला उत्तर

नमस्कार ताई,

‘एक मुलगी’ एवढंच नाव घालून तुम्ही प्रतिक्रिया दिलीत, म्हणून ताई म्हणते. आजारी माणसाच्या खोलीत कॅमेरा लावणं हा त्याची सेवा करणाऱ्या बाईचा अपमान आहे, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘माझ्या बाबांच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली. ब्युरोच्या, म्हणजे घरी सेवेला बायका पुरवणाऱ्या संस्थेच्या, मावश्यांनी तीन आठवडे सांगितलं नाही. तुम्हाला कामवाल्यांचा कळवळा आहे, पेशंटचा नाही. तुमच्या घरी असं झालं असतं तर हेच लिहिलं असतंत का?’

आधी माझी चूक कबूल करते. लेख आजारी माणसाच्या खोलीबद्दल होता आणि त्यात आजारी माणूसच नव्हता. त्याच्या अंगाचं, जखमेचं, पडण्याचं, ठसका लागण्याचं एक वाक्यही मी लिहिलं नाही. ज्यांच्या घरी जखम आहे त्यांना तो लेख वाचून राग येणारच.

आता तुमचा प्रश्न. आमच्या घरी असंच झालं होतं, आणि आमच्या घरी कॅमेरा होता.

आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पंधरा दिवसांनी हॉस्पिटलमधून डोंबिवलीच्या घरी आणली. भाड्याचा पलंग आला, हवेची गादी आली, ब्युरोकडून सकाळी आठ ते रात्री आठ एक मावशी आणि रात्री आठ ते सकाळी आठ दुसरी. मी फोर्टला नोकरी करत होते. लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, कामाच्या मध्येच मोबाइल उघडून आईला बघायचे. मावशी शेजारी बसलेली दिसायची, कधी आईचे केस विंचरताना, कधी चमच्याने पेज भरवताना. मी निश्चिंत व्हायचे.

आईला थंडी वाजते म्हणून आम्ही पायात मोजे घातले होते, वर चादर. उजव्या टाचेवर जखम त्या मोज्याच्या आत वाढत होती. तो पाय बधिर, त्यामुळे दुखलं तरी तिला कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी सांगायला शब्द नव्हते. आई मधुमेही होती. एका रविवारी मी स्वतः तिला पुसायला घेतलं, मोजा काढला तर तो टाचेला चिकटला होता. आतली कातडी काळी पडली होती. ती जखम भरायला चार महिन्यांहून जास्त लागले.

त्या रात्री मी ब्युरोला फोन करून खूप ओरडले. दिवसाच्या मावशीला काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी नवी बाई आली, तिनेही मोजे घातले. आधीच्या मावशीला का काढलं, हे तिला सांगणारं तिथे कोणीच नव्हतं. मी ऑफिसला गेले होते.

आज मागे वळून पाहते तेव्हा मला ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. पहिल्या सव्वा महिन्यात आमच्याकडे सहा बायका येऊन गेल्या. एकीची मुलगी आजारी पडली, एकीला टिटवाळ्याहून येणं परवडेना, दोघींना ब्युरोने ‘बदली’ म्हणून पाठवलं आणि परत नेलं. आई पाणी डाव्या गालाने पिते, उजवीकडे घातलं तर ठसका लागतो, हे पहिलीला चांगलं कळलं होतं. ती गेली तेव्हा ते ज्ञान तिच्याबरोबर गेलं. नव्या बाईला ब्युरो काय सांगतो? पत्ता, मजला, आणि पेशंट डायपरवर आहे की नाही. हॉस्पिटलच्या वॉर्डात ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला प्रत्येक खाटेशी उभी राहून सांगते, लिहून ठेवते, वर सिस्टर-इनचार्ज असते. घरी यातलं काहीच नसतं. एक थकलेली बाई निघते, दुसरी थकलेली बाई येते, आणि मध्ये आपण दार उघडायला असतो.

थकलेली हा शब्द मी सहज वापरत नाही. आमच्या रात्रीच्या मावशी दिवसा ठाकुर्लीला दुसऱ्या घरी ड्युटी करून यायच्या, हे मला दोन महिन्यांनी कळलं. आम्ही ब्युरोला दिवसाचे 900 रुपये देत होतो, त्यांच्या हातात 600 पडत होते. रात्री दोन वाजता आईला कुशीवर वळवायला त्या उठत नव्हत्या हे खरं आहे. माझा संतापही खरा होता. पण बारा तास एका घरी उभं राहून आलेली बाई दुसऱ्या घरी दर दोन तासांनी उठेल, असं आम्ही कशाच्या जोरावर गृहीत धरलं? तुमच्या बाबांचं वजन तुम्ही 75 किलो लिहिलं आहे. त्यांना वळवायचं कसं हे न शिकवलेली एकटी बाई ते टाळणार. दुसऱ्यांदा टाळणार. मग ती सवय होणार.

आमच्याकडे फरक पडला तो निवृत्त झालेल्या एका एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) ताईंमुळे. ड्रेसिंगसाठी त्या एक दिवसाआड यायच्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी दोन्ही मावश्यांना आणि मला एकत्र बसवलं आणि तासभर आईच्या पलंगाशी शिकवलं. एकट्या बाईने जड माणूस कसा वळवायचा : लांबचा गुडघा उभा करायचा, लांबचा हात छातीवर घ्यायचा, मग एक हात खांद्यावर, एक खुब्यावर ठेवून आपल्याकडे ओढायचं. आधी कठडा आणि चाकाचा ब्रेक बघायचा. लुळा हात धरून कधीच उचलायचं नाही, खांदा निखळतो. पोटरीखाली उशी अशी द्यायची की टाच हवेत राहील, गादीला टेकणारच नाही. जिथे हाड कातडीजवळ आहे तिथे, म्हणजे माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, दिवसातून दोनदा उघडून बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर फिका पडला तर ठीक, तसाच लाल राहिला तर बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नेहमी दिसत नाही, म्हणून रंग शेजारच्यापेक्षा गडद आहे का, हाताला गरम किंवा कडक लागतं का, तेही बघायचं. आणि त्या जागी तेल लावून चोळायचं नाही. हे ऐकून दिवसाच्या मावशी रडायला लागल्या. त्या रोज मायेने तिथेच चोळत होत्या.

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, ताई. त्यांच्याकडे ब्युरोचं ओळखपत्र होतं, त्यावर ‘सिस्टर’ लिहिलं होतं. आधी त्या कल्याणला पोळ्या लाटायच्या.

या ‘सिस्टर’ शब्दाबद्दल मला अतिशय चीड आहे. एएनएम, जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग झालेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेली स्त्री नर्स असते. बाकी सगळ्या मदतनीस आहेत. त्यांचं काम कमी मोलाचं नाही, पण ते वेगळं आहे. ब्युरो फोनवर ‘सिस्टर पाठवतो’ म्हणतो आणि आपण त्या बाईच्या हाती इन्सुलिनची सुई, नाकातल्या नळीतून भरवणं, लघवीच्या नळीची पिशवी असं सगळं सोपवून मोकळे होतो. तुमच्या घरी येणाऱ्या बाईकडे नोंदणी क्रमांक आहे का, एवढं विचारलंत तरी उत्तर मिळेल. नसेल तर सुईचं आणि नळीचं काम तिला सांगू नका. ती नाही म्हणू शकत नाही, तिची ड्युटी जाईल.

ब्युरोंवर कोणाचा वचक आहे, असंही तुम्ही विचारलंत. मुंबईचा 1949 चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आज महाराष्ट्राचा म्हणून चालतो, पण तो खाटा असलेल्या दवाखान्यांसाठी आहे. तुमच्या-माझ्या हॉलमधल्या पलंगापर्यंत तो येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक 2019 च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत आलं. घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा या गोष्टी त्यात होत्या. ते मंजूर झालं नाही, त्या लोकसभेबरोबरच बाद झालं. इंग्लंडमध्ये कुणाच्या घरी जाऊन आंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं अशी सेवा पुरवणाऱ्या संस्थेला केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी करावीच लागते. तपासणीचा अहवाल कोणालाही वाचता येतो. तिथेही घाईघाईच्या भेटींच्या तक्रारी आहेतच. तरीही तक्रार कुठे करायची हे तरी माणसाला ठाऊक असतं. आपण अजून ब्युरोच्या मालकाच्या मोबाइलवरच ओरडतो.

‘घरी पडलेल्या माणसाला बेडसोर होतातच, असं डॉक्टरही म्हणतात’, हे तुमच्या प्रतिक्रियेतलं एकच वाक्य मला मान्य नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग त्यांच्यावरच्या हल्ल्यानंतर 1973 पासून 2015 पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. इतकी वर्षं अंथरुणावर असून त्यांना एकही बेडसोर झाला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालातही नमूद आहे. केईएमच्या परिचारिकांनी पिढी बदलत गेली तरी ते सांभाळलं. तिथे पूर्ण वॉर्ड होता आणि घरी एक बाई असते, हे मला कळतं. तरी ‘होतातच’ असं म्हटलं की कुणी बघायचंच थांबतं.

आता कॅमेरा. मारहाणीचा संशय असेल, आजारी माणूस बोलू शकत नसेल, तर कॅमेरा लावावा, याबाबत मी माझं मत बदलते आहे. तुमच्यासारख्या दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलीला तो आधार वाटतो, त्यावर मी फुली मारायला नको होती. पण लावाल तर बाईला सांगून लावा, आणि स्पंज, डायपर बदलताना बंद ठेवा. बाबांचं उघडं अंग कुणाच्या मोबाइलमध्ये जाणार हा प्रश्न त्यांच्या वतीने आपणच विचारायला हवा. चोवीस तासांची बाई त्याच खोलीत कपडे बदलते, झोपते. तिचं तसं चित्रण न सांगता झालं तर तो गुन्हा आहे. एवढं करूनही कॅमेऱ्याला मोज्याच्या आतलं दिसत नाही. मोजा रोज कोणीतरी काढावा लागतो.

बाबांच्या जखमेला वास येत असेल, कडा काळ्या असतील, ताप असेल तर आजच सर्जनला दाखवा, उद्यावर टाकू नका. हळद, पावडर, आयोडीन घरच्या घरी भरू नका. मध्ये भोक असलेली रबराची रिंग कोणी आणून दिली असेल तर ती काढून टाका, तिच्याने भोवतालचा रक्तपुरवठा आणखी अडतो. हवेची गादी असली तरी वळवणं चुकवायचं नाही. आम्हीही गादीवर विसंबलो होतो.

परवापासून नवी बदली येणार, असं तुम्ही लिहिलं आहे. जमलं तर त्या दिवशी रजा काढून जा. जुन्या मावशींना तासभर जास्त थांबायला सांगा, त्या तासाचे पैसे वेगळे त्यांच्या हातात द्या, आणि त्यांनाच नवीन बाईला शिकवू द्या : बाबा कोणत्या कुशीवर कण्हतात, कोणता घास गिळताना थांबतात. दोनशे पानी वही पलंगाला दोरीने बांधा. वेळ, कूस, लघवी-शौच, किती खाल्लं, कातडी कशी दिसली, एवढंच. लिहिता येत नसेल तर खुणा चालतात. आमच्या मावशी डाव्या कुशीला एक रेघ, उजवीला दोन मारायच्या. आणि ‘लाल दिसलं तर मला सांगा, मी रागावणार नाही’ हे दोघींच्या समोर बोला. तुमच्या आधीच्या बायका तीन आठवडे गप्प का राहिल्या, त्याचं उत्तर मला वाटतं याच्याच आसपास आहे. माझ्या घरी तरी होतं. टाचेचा डाग मोजा काढण्याच्या आठ दिवस आधी दिसला होता, असं रात्रीच्या मावशींनी मला पुढे सांगितलं. आदल्याच आठवड्यात चादर ओली राहिली म्हणून मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले होते.

जखमेचं काय झालं ते इथेच कळवा. त्या एएनएम ताई आता डोंबिवलीबाहेर जात नाहीत, पण वळवायचं कसं हे फोनवर दाखवायला त्या तयार आहेत. मी त्यांना विचारून ठेवलं आहे.