‘फोनो प्रीॲम्प म्हणजे लूट’? जरा थांबा

जुन्या रेकॉर्डी पुन्हा ऐकू लागलेल्यांना फोनो प्रीॲम्पविषयी, म्हणजे टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेयर) आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये सिग्नल वाढवून आवाजाचा तोल नीट करणाऱ्या सर्किटविषयी, एक सल्ला हमखास मिळतो. थोडक्यात तो असा: ‘टर्नटेबलच्या लाल-पांढऱ्या पिना ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये (फोन, सीडी लावायच्या साध्या सॉकेटमध्ये) घाला. आवाज बारीक आला तर व्हॉल्यूम चढवा, खर्ज कमी वाटला तर बासचं बटण फिरवा. भुणभुण आली तर सोबतची बारीक वायर भिंतीतल्या अर्थिंगला जोडा, नाहीतर कापून टाका. फोनो प्रीॲम्प ही कंपन्यांची पैसे उकळायची युक्ती आहे. पूर्वी लोकांकडे कुठे होता प्रीॲम्प?’

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. काहींचं त्यावर खरोखर भागतंही, आणि ते का भागतं हे पुढे येईलच. पण यातलं प्रत्येक वाक्य वेगळं तपासायला हवं, कारण एक वाक्य नुसतं चुकीचं आहे, तर दुसरं जिवावर बेतू शकतं.

‘आवाज बारीक आला तर व्हॉल्यूम चढवा’

आज बऱ्याच टर्नटेबलवर मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) जातीचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, असतं. सुईबरोबर एक इवलासा चुंबक हलतो आणि शेजारच्या गुंडाळीत वीज तयार होते. ही वीज साधारण 3 ते 6 मिलिव्होल्ट. सीडी प्लेयर पूर्ण जोरात 2 व्होल्टपर्यंत देतो. म्हणजे फरक काही शे पटींचा आहे.

हिशेबच करून पाहू. ऑक्सला 200 मिलिव्होल्ट मिळाल्यावर 50 वॅट देणारा ॲम्प घ्या. त्याला 5 मिलिव्होल्ट दिले, तर व्हॉल्यूम शेवटपर्यंत चढवूनही स्पीकरला 0.03 वॅटच्या आसपास मिळतात. शांत खोलीत तेवढ्यावर गाणं ऐकू येईल, नाही असं नाही. पण सोबत ॲम्पची स्वतःची सळसळही येईल. आणि खरा धोका नंतरचा आहे: बटण शेवटाला टेकलेलं असताना घरातल्या कोणी सोर्स बदलून फोन किंवा सीडी लावली, तर त्या एका क्षणात स्पीकरचा ट्वीटर (उंच स्वर वाजवणारा भाग) जाऊ शकतो.

यावर काही जण पिना माइकच्या सॉकेटमध्ये घालायला सांगतात. तिथे सिग्नलचा जोर वाढतो खरा, पण ते सॉकेट बहुधा मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं असतं. शिवाय खाली सांगितलेली अडचण तिथेही सुटत नाही.

‘खर्ज कमी वाटला तर बासचं बटण फिरवा’

सगळ्या सल्ल्यातला सर्वांत पटणारा आणि सर्वांत चुकीचा भाग हाच. ऑक्समध्ये लावलेली रेकॉर्ड पातळ, कर्कश आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाजते. ऐकणाऱ्याला वाटतं रेकॉर्ड झिजली, किंवा सुई गेली. प्रत्यक्षात दोन्ही ठणठणीत असतात. रेकॉर्डवर आवाज मुळातच तसा कोरलेला असतो.

का कोरतात तसा? रेकॉर्ड कापताना स्वर जितका खालचा, तितकी खाच जास्त डोलते. हेलकाव्याचा वेग सगळ्या स्वरांना एकच ठेवून कापलं, तर 50 हर्ट्झचा (सेकंदाला 50 कंपनांचा) स्वर 1000 हर्ट्झच्या स्वराच्या वीसपट रुंद हेलकावा घेतो. इतका डोल ठेवला तर शेजारच्या दोन खाचा एकमेकींत घुसतील, सुई उडेल आणि एका बाजूवर जेमतेम काही मिनिटांचं संगीत मावेल. म्हणून कापतानाच खर्ज दाबतात. उंच स्वरांचं उलट. त्यांची वळणं इतकी बारीक असतात, की रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्या खरखरीत ती बुडून जातील. म्हणून ती मुद्दाम फुगवून कोरतात. वाजवताना याच्या नेमकं उलट करायचं असतं: खर्ज उचलायचा, उंच स्वर उतरवायचे. उंच स्वर उतरले की त्यांच्यासोबत खरखरही उतरते. कल्पना फार हुशारीची आहे, आणि तिचा निम्मा भाग ऐकणाऱ्याच्या घरी पुरा व्हायचा असतो.

पूर्वी हे प्रमाण कंपनीगणिक वेगळं होतं. 1954 मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, कोणता स्वर किती दाबायचा-फुगवायचा याचा एकच वक्र ठरवला आणि पुढे तो जगभर रुळला. या वक्रानुसार वाजवताना 1000 हर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झ सुमारे 19 डेसिबलने उचलायचे असतात आणि 20,000 हर्ट्झ जवळजवळ तितकेच उतरवायचे असतात. दोन टोकांत जवळपास 39 डेसिबलचं अंतर पडतं.

आता बासच्या बटणाकडे येऊ. सर्वसाधारण ॲम्पचं बास आणि ट्रेबलचं (उंच स्वरांचं) बटण अनुक्रमे 100 आणि 10,000 हर्ट्झला 10 डेसिबलच्या आसपास वर-खाली करतं. आरआयएएला तिथे 13-14 डेसिबल हवे असतात. ‘तीन-चारचाच तर फरक आहे,’ असं कोणी म्हणेल. पण आकड्यांपेक्षा वक्राचा आकार महत्त्वाचा आहे. आरआयएएचा वक्र साधारण 50, 500 आणि 2122 हर्ट्झला वळतो आणि त्याचा उतार मधल्या सप्तकांतूनही जातो. गाणाऱ्याचा गळा, सारंगी, व्हायोलिन हे सगळं त्याच पट्ट्यात येतं. टोनचं बटण मुख्यतः दोन टोकांना हात घालतं. तुम्ही कितीही फिरवा, खर्ज गुबगुबीत होईल आणि गळा मात्र नाकातच राहील.

फोनो प्रीॲम्प ही दोन्ही कामं एका झटक्यात करतो: सिग्नल सुमारे शंभरपट वाढवतो आणि कापताना दिलेला पीळ तंतोतंत उलटा फिरवतो. त्याला नुसतं ‘आवाज वाढवणारा डबा’ समजलं की वरचा सगळा सल्ला तर्कशुद्ध वाटू लागतो.

‘पूर्वी कुठे होता प्रीॲम्प?’

ॲम्पच्या पोटात होता. जुन्या स्टिरिओ ॲम्पच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली पिनांची जोडी आणि शेजारी एक स्क्रू असे, तेच त्याचं दार. 1982 मध्ये सीडी आली, रेकॉर्डी मागे पडल्या आणि बऱ्याच कंपन्यांनी खर्च वाचवायला तो भाग काढून टाकला. आधी जो ॲम्पच्या किमतीतच येई, तो आता वेगळा घ्यावा लागतो, याचा राग समजण्यासारखा आहे. त्यावरून त्याची गरजच नव्हती असं मात्र ठरत नाही.

आता ‘आमच्याकडे तर थेट चालतं’ म्हणणाऱ्यांविषयी. ते खोटं बोलत नाहीत. एक शक्यता अशी, की त्यांच्या टर्नटेबलमध्येच प्रीॲम्प बसवलेला आहे. हल्लीच्या बऱ्याच मॉडेलांत तो असतो आणि मागे फोनो-लाइन असा खटका असतो (लाइनवर ठेवला की आतला प्रीॲम्प चालू). दुसरी शक्यता सिरॅमिक कार्ट्रिजची. जुन्या पेटीवजा प्लेयरमध्ये आणि आजच्या अनेक सुटकेसवजा प्लेयरमध्येही ते सापडतं. ते मिलिव्होल्टच्या शेकड्यांत सिग्नल देतं. शिवाय ते खाचेच्या वेगाला दाद देत नाही, खाच किती हलली त्याला देतं, त्यामुळे आरआयएएचा पीळ बराचसा आपोआपच सुटतो. अशांना वेगळा प्रीॲम्प घ्यायला सांगणं हीसुद्धा चुकीचीच शिफारस ठरेल. तेव्हा खरेदीआधी टर्नटेबलच्या मागची बाजू पाहा आणि कार्ट्रिज कोणत्या जातीचं आहे ते माहितीपुस्तिकेत शोधा. सल्ल्यात नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

‘वायर भिंतीतल्या अर्थिंगला जोडा, नाहीतर कापून टाका’

दोन्ही करू नका. पहिलं तर अजिबातच नाही. भिंतीच्या सॉकेटमध्ये सुटी वायर खुपसणं म्हणजे विजेशी खेळ आहे, भोक चुकलं तर संपलं. सुदैवाने भोक बरोबर सापडलं तरी भुणभुण बहुधा वाढेल. ॲम्प आधीच पिनांमार्गे किंवा स्वतःच्या प्लगमार्गे जमिनीशी जोडलेला असू शकतो, आणि दोन वाटा मिळाल्या की त्यांच्या वेढ्यात 50 किंवा 60 हर्ट्झचा आवाज फिरू लागतो.

ती वायर टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) धातूला ॲम्पच्या धातूशी जोडण्यासाठी असते. तिची जागा फोनो पिनांशेजारचा स्क्रू. प्रीॲम्प वेगळा असेल तर त्याच्यावरचा स्क्रू. वायर कापली, तर टोनआर्म अँटेनासारखा आजूबाजूच्या विजेची गुणगुण पकडतो, आणि पुढे ती शंभरपट होऊन स्पीकरमध्ये येते. काही टर्नटेबलना ही वायर नसतेच, ती जोडणी आतूनच केलेली असते. तिथे काही शोधत बसू नये.

वायर स्क्रूला घट्ट असूनही भुणभुण येत असेल, तर टर्नटेबल ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरकवून बघा. प्रीॲम्पचा ॲडॅप्टर कार्ट्रिजजवळ ठेवू नका. पिना काढून पुसून परत लावा. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

‘फोनो इनपुट आहे ना, मग खटका कुठेही ठेवा’

मूळ सल्ल्याला जोडून ही पुरवणीही येते. टर्नटेबलचा खटका लाइनवर आणि पिना ॲम्पच्या फोनोमध्ये, अशी जोडणी झाली तर एकदा वाढलेला सिग्नल पुन्हा शंभरपट वाढायला जातो. खर्जही दोनदा उचलला जातो. आवाज फाटतो, सगळं ढबढब ऐकू येतं आणि दोष रेकॉर्डवर जातो. खटका फोनोवर तर पिना फोनोत, खटका लाइनवर तर पिना ऑक्समध्ये. स्पीकरमध्येच ॲम्प बसवलेला असेल तरी नियम तोच: वेगळा ॲम्प लागत नाही, प्रीॲम्पच्या कामातून मात्र सुटका नाही.

मूव्हिंग कॉइल (एमसी, म्हणजे चुंबकाऐवजी गुंडाळी हलणाऱ्या) कार्ट्रिजवाल्यांनी आणखी एक पाहावं. ते बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी देतं, तेव्हा प्रीॲम्पवर ‘एमसी’ची सोय हवी. साध्या एमएम इनपुटवर ते खोल विहिरीतून बोलल्यासारखं वाजेल.

‘लूटच करायची तर महागड्या केबलींची’

इथे मी सल्ल्याच्या बाजूने, थोडासाच. सोन्याचा मुलामा दिलेल्या, मनगटाएवढ्या जाड केबलीने आरआयएएचा वक्र काही सुधारत नाही. पण टर्नटेबलपासून प्रीॲम्पपर्यंतची केबल आखूड असावी. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला प्रीॲम्पच्या 47 किलोओहमच्या लोडसोबत (रोधासोबत) ठरावीकच कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मानवतो, अनेकांना केबल आणि प्रीॲम्प मिळून 100 ते 300 पिकोफॅरडच्या दरम्यान. लांब केबल तो वाढवते आणि वरच्या स्वरांचा तोल बिघडतो. प्रीॲम्पच्या पुढची केबल खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली तरी चालते. म्हणून ॲम्प लांब असेल, तर प्रीॲम्प टर्नटेबलच्या जवळ ठेवा, फक्त त्याचा ॲडॅप्टर तेवढा बाजूला.